नाटक कंपनीत उन्हाळी उमेदवारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा संपला की आमच्या ऑफिसचा फोन वाजू लागतो. "तुमच्याकडे सुट्टीत मुलांना घेतात ना?" इथपासून "रात्री झोपायला मिळतं का?" इथपर्यंत सगळं विचारलं जातं, आणि बहुतेक वेळा फोन मीच उचलतो. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देऊन घसा बसला, म्हणून ती एकदाची लिहून काढली. आमची कंपनी व्यावसायिक आहे. तालमीची जागा आणि गोडाऊन कुडाळजवळ, प्रयोग चिपळूणपासून खाली सावंतवाडीपर्यंत आणि पुढे गोव्यातही. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, साधारण सहा आठवडे, आम्ही मोजक्या मुलामुलींना वेगवेगळ्या विभागांत उमेदवारीला घेतो. कॉलेजवाले याला इंटर्नशिप म्हणतात. आमचे जुने लोक उमेदवारीच म्हणतात, आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो.

मला अभिनय करायचा आहे. भूमिका मिळेल का?

नाही. दहातले आठ जण हेच विचारतात, म्हणून पहिलं उत्तर याचं.

भूमिका काही महिने आधी ठरलेल्या असतात. नट 'नाईट'वर काम करतात, म्हणजे प्रयोगागणिक पैसे घेतात. मे महिन्यात तर प्रयोग एकामागोमाग एक लागलेले असतात. त्यात नवीन माणसाला उभं करून तालीम घ्यायला वेळही नसतो आणि तो कुणाच्या पोटावर पाय देण्यासारखाही प्रकार होतो.

पण विंगेत उभं राहून तेच नाटक वीस-बावीस वेळा बघायला मिळतं. मालवणला जिथे हशा येतो तिथे राजापूरला का येत नाही, हशा आला की नट पुढचं वाक्य किती धरून ठेवतो, प्रेक्षक थंड असले की कोण घाई करतो आणि कोण करत नाही, हे समोर खुर्चीत बसून कळत नाही. एका वर्षी ऐनवेळी एक नट आजारी पडला आणि आमच्या एका उमेदवाराला नोकराचं काम करावं लागलं. वाक्य एकच: "साहेब, गाडी आली." 'आली' या शब्दावर साउंडवाला गाडीचा हॉर्न वाजवणार. पोरगा बोलला, "गाडी आली, साहेब." हॉर्नमध्ये 'साहेब' वाहून गेला आणि साहेब झालेले नट पुढच्या शब्दाची वाट बघत उभे. तीन सेकंद. स्टेजवर तीन सेकंद म्हणजे काय ते त्या दिवशी त्याला कळलं. आता तो स्वतः साउंड चालवतो आणि नटांनी शब्द फिरवले की चिडतो.

उन्हाळ्यातच का? दिवाळीच्या सुट्टीत का नाही?

मे महिन्यात चाकरमानी गावाला येतो. घराघरात लग्नं, मुंजी, वाडीवाडीत सत्यनारायणाच्या पूजा, शाळेच्या पटांगणात मंडप. ज्या गावात एरवी संध्याकाळी शंभर माणसं जमत नाहीत तिथे हजार खुर्च्या कमी पडतात. सुपाऱ्या, म्हणजे ठरवून दिलेले प्रयोग, तेव्हाच मिळतात. मिरग लागला की शेतकरी शेतात, मुंबईकर मुंबईत आणि आमचा सेट गोडाऊनमध्ये.

कोणत्या विभागांत घेता?

नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा म्हणजे आमच्या भाषेत ड्रेपरी, रंगभूषा, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, रंगमंच व्यवस्था, निर्मिती-व्यवस्थापन, आणि बुकिंग-प्रसिद्धी. पहिले आठ दिवस सगळ्यांना सगळीकडे फिरवतो. मग एक विभाग ठरतो. तो तुमच्या आवडीने ठरेलच असं नाही. गणिताचा धसका घेतलेली एक मुलगी प्रसिद्धी विभागात काम करायचं म्हणून आली आणि शेवटी हिशेबाची वही तिच्याच हातात गेली, कारण रात्री दीड वाजता कोणाला किती नाईट द्यायची हे न चुकता फक्त तिलाच आठवायचं.

नेपथ्यात काय करावं लागतं? सुतारकाम यायला हवं का?

येत असेल तर चांगलंच. नसेल तर आधी उचलायला शिका. आमचे फ्लॅट, म्हणजे भिंती, आठ फुटी आहेत आणि वर दोन फुटांचा वेगळा जोड आहे. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात पूर्ण दहा फूट लावतो, गावच्या मंडपात जोड काढून ठेवतो. नाहीतर भिंत वरच्या कापडाला टेकते आणि वारा आला की घर हलतं.

टेम्पो भरणं ही या विभागातली खरी परीक्षा. जे सगळ्यात आधी लागतं ते सगळ्यात शेवटी चढवायचं. एकदा लेव्हलचे, म्हणजे स्टेजवरच्या चौथऱ्यांचे, पाट आत गेले आणि त्यांच्यावर सोफा, कपाट, भिंती. मुक्कामी पोचल्यावर पाट काढण्यासाठी अख्खा टेम्पो रस्त्यावर रिकामा करावा लागला. तेव्हापासून टेम्पोच्या आतल्या पत्र्यावर खडूने क्रम लिहिलेला असतो आणि तो उमेदवारानेच लिहायचा.

दुसरी गोष्ट किनाऱ्याची. खाऱ्या हवेने बिजागऱ्या आणि नटबोल्ट गंजतात. देशावरच्या कंपन्यांना हे सांगून पटत नाही. वेंगुर्ल्याला किंवा देवगडला दोन दिवस सेट उभा राहिला की दरवाजा कुरकुरायला लागतो आणि दुसऱ्या अंकातला चोर चोरासारखा येऊ शकत नाही. म्हणून दर सोमवारी सगळ्या बिजागऱ्यांना ग्रीस. हात काळे होतात, साबणाने निघत नाहीत. आधी खोबरेल चोळा, मग साबण.

प्रकाश विभागात विजेची भीती वाटते. सुरक्षित आहे का?

भीती वाटते ते बरं आहे. चालू पॅनेलला उमेदवार हात लावत नाही, हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून करायचा. जुना पार ६४ दिवा एक हजार वॉटचा. असे चोवीस लावले की चोवीस किलोवॉट. तिन्ही फेजवर सारखे वाटले तर प्रत्येकी आठ, म्हणजे फेजमागे साधारण ३५ अँपिअर. कुणाच्या ओटीवरच्या बोर्डातून एवढा भार ओढला तर नाटकाआधी ओटी पेटेल. म्हणून जनरेटर. एलईडी पार आल्यापासून भार बराच उतरला आहे, तरी पिवळ्या उबदार उजेडासाठी आमचे प्रकाशवाले अण्णा जुने आठ दिवे सोडायला तयार नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका, मी घालून बघितला आहे.

एका गावात पॅनेलमधली न्यूट्रलची तार सैल होती. न्यूट्रल सुटली आणि तिन्ही फेजवरचा भार कमीजास्त असला की कमी भाराच्या फेजवरचा दाब चढतो. २३० व्होल्टच्या जागी थेट ४०० कडे झेप. आमचा साउंडचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, नेमका त्याच फेजवर होता. पहिल्या अंकात आधी आवाज गेला, मग वास आला, मग धूर. मंडपवाला म्हणत होता, "वायच थांबा, काय नाय जाला." अँप गेला तो गेलाच. तेव्हापासून काहीही जोडण्याआधी मल्टिमीटरने तिन्ही फेजचा न्यूट्रलशी दाब मोजायचा आणि वहीत लिहायचा, असा रिवाज आहे. मोजतात अण्णा, लिहितो उमेदवार. तीन आकड्यांत मोठा फरक दिसला तर "नाटक नंतर, आधी इलेक्ट्रिशियन" हे सांगायचा अधिकार उमेदवारालाही आहे.

ड्रेपरीत फक्त इस्त्रीच करायची का?

इस्त्री आहे, भरपूर आहे. पण कोकणातल्या मे महिन्यात ड्रेपरीचं अर्धं काम घामाशी असतं. प्रयोग संपला की ओला कपडा गाठोड्यात बांधायचा नाही, कितीही उशीर झाला तरी. दमट हवेत दोन दिवसांत बुरशीचे ठिपके धरतात आणि ते जात नाहीत. रात्री बसमध्ये मागच्या सीटांवर दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतो. पहाटे जागं होऊन डोळे उघडले की समोर फौजदाराची वर्दी हेलकावे खात असते. एकदा नाक्यावरच्या खऱ्या पोलिसाने ती बघितली आणि आमची बस अर्धा तास उभी केली.

बाकी काम पटकन बदलायच्या कपड्यांचं. आमच्या नायिकेला दुसऱ्या अंकात दोन मिनिटांत नऊवारी हवी असते. नेसवत बसलो तर अंक संपेल, म्हणून ती शिवलेली आहे, पँटसारखी चढवायची आणि मागे हुक. वेलक्रो चालत नाही, कारण अंधारात त्याचा 'चर्र' आवाज पाचव्या रांगेपर्यंत जातो. हुक कोणत्या क्रमाने लावायचे हे डोळे मिटून यायला हवं, कारण विंगेत दिवा नसतोच.

रंगभूषेत शिकायला काय मिळेल?

आमचे मेकअपमन काका बोलतात कमी. पहिला आठवडा ब्रश धुणे, स्पंज पिळणे, बर्फ आणणे. बर्फ सरबतासाठी नाही. पॅनकेक, म्हणजे मेकअपचा खालचा थर, लावायच्या आधी चेहऱ्यावरून फिरवतात, घाम थोडा दमाने येतो. मिशी चिकटवायचा गम घामाने सुटतो, म्हणून ओठावरची जागा पुसून, कोरडी करून, मगच मिशी. हे सांगून येत नाही. दहा मिशा पडल्या की येतं.

ध्वनी?

लेपल माईक, लॅपटॉप, क्यू शीट म्हणजे कोणता आवाज कोणत्या वाक्यावर याची यादी. उघड्या पटांगणात समुद्रावरून वारा आला तर माईकवर फोम. बाकी तिथे गेल्यावर कळेल.

निर्मिती-व्यवस्थापन म्हणजे काय? नावावरून ऑफिसचं काम वाटतं.

आहेच. शिवाय बसचं, जेवणाचं, चहाचं आणि भांडणाचंही. मराठी व्यावसायिक नाटकात या कामाच्या माणसाला सूत्रधार म्हणतात. नांदी म्हणणारा तो वेगळा. आमचा हा नांदी सोडून सगळं करतो.

उमेदवाराकडे एक फाईल असते. तिच्यात महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत, पोलीस ठाण्याची परवानगी, ग्रामपंचायतीचं किंवा गावच्या मंडळाचं पत्र, नाट्यगृह असेल तर भाड्याची पावती. नाटकाच्या संहितेला परिनिरीक्षण मंडळाची मान्यता लागते, आणि कुणी ठाण्यातून विचारायला आलं की कागद दोन मिनिटांत समोर यावा लागतो. "मोबाईलमध्ये फोटो आहे" हे उत्तर मीही दिलेलं आहे. बॅटरी गेली होती.

आणि वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. अडीच तासांचं नाटक दहाच्या आत संपवायचं तर सातला घंटा द्यायला हवी. गाव आठला जेवतं आणि जेवल्याशिवाय येत नाही. सात ते साडेसात या अर्ध्या तासात मंडळाच्या अध्यक्षांना हसतमुखाने समजावणं ही या विभागातली सगळ्यात अवघड कला आहे, आणि मला ती अजून पूर्ण जमलेली नाही.

बुकिंग आणि प्रसिद्धीत समाजमाध्यमांचं काम असतं का?

असतं. रील बनवता येत असेल तर बनवा. पण सिंधुदुर्गात खुर्च्या अजूनही स्पीकर लावलेल्या रिक्षाने भरतात, आणि त्या रिक्षात बसून दुपारच्या उन्हात तीन तास ओरडायला लागतं. नाट्यगृहात प्रयोग असला की प्लॅनवर, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा घेऊन तिकीटविक्रीला, बसायचं. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, हे खिडकीवर विचारणारा एक तरी भेटतोच. गावात तिकीट नसतं, पण पहिल्या दोन रांगा कोणाच्या यावरून मानापमान असतात. मानकरी, सरपंच, देणगीदार आणि मुंबई मंडळ. आपण खुर्च्या मांडायच्या, नावं मंडळाने लावायची. यात स्वतःची अक्कल चालवू नका.

दशावतार शिकायला मिळेल का?

आमच्याकडे नाही. दशावतारी मंडळांची परंपरा आणि घडण वेगळी आहे, त्यांचा हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू होतो. आम्ही त्यांच्यात लुडबूड करत नाही. पण मोकळी रात्र मिळाली की सगळ्या उमेदवारांना दशावतार बघायला नेतो आणि शक्य झालं तर आधी रंगपटात.

तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोण ते ठरतं, आणि नट स्टेजवर उभे राहून संवाद रचतात. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर रात्र चालते. आमचा टेम्पोभर सेट लागतो, त्यांचं एक बाकडं सिंहासन होतं, रथ होतो, डोंगरही होतो. जो तो आरसा समोर धरून आपला चेहरा आपण रंगवतो. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण याच लोकांची. पूर्वी कपड्यांचे पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जात, तेव्हाची. नेपथ्याच्या पोरांनी ते बाकडं नीट बघावं असं मला नेहमी वाटतं.

मी देशावरची आहे. मालवणी येत नाही.

बोलता नाही आली तरी चालेल, समजायला हवी. आमची निम्मी नाटकं मालवणी आहेत आणि बॅकस्टेज तर पूर्ण. वरून कुणी ओरडलं, "हयसर धर, थयसर सोड!" तर भाषांतराला वेळ नसतो. आठवड्याभरात कान तयार होतो. पहिल्याच दिवशी तोडकीमोडकी मालवणी बोलायचा आव आणू नका, सगळे हसतील आणि सहा आठवडे तेच नाव पडेल.

पैसे मिळतात का?

राहणं, दोन वेळचं जेवण, दौऱ्याचा प्रवास आमचा. वर दिवसाला तीनशे रुपये भत्ता. ही रक्कम थोडी आहे हे मला माहीत आहे. उमेदवाराकडून शिकवण्याची फी मात्र आम्ही घेत नाही, आणि जिथे 'रंगभूमीवर संधी' म्हणून आधी पैसे मागतात तिथे जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलींच्या राहण्याची, रात्रीच्या प्रवासाची सोय काय?

कुडाळला मुलींसाठी वेगळी खोली आहे, ड्रेपरीच्या ताई सोबत राहतात. दौऱ्यावर मुक्काम ठरवताना आधी मुलींची खोली आणि बाथरूम बघितलं जातं, मग बाकीचे. प्रयोगानंतर कोणीही एकटं परतत नाही, सगळे एकाच बसने. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ उमेदवारालाही लागू आहे. आमची अंतर्गत समिती आहे, तिच्या सदस्यांचे फोन नंबर पहिल्या दिवशी कागदावर मिळतात. ज्येष्ठ नटाविरुद्ध तक्रार असली तरी ती तक्रारच असते.

आईवडिलांना आधी येऊन जागा बघायची असेल तर जरूर यावं. चहा मिळेल. जेवणाचं आधी कळवा.

वयाची अट?

अठरा पूर्ण. त्याखाली नाही, कितीही हुशार असला तरी. कामं रात्रीची आणि जड आहेत. वरची मर्यादा नाही. एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रॉपर्टीला होते, कपबशी कधी चुकली नाही.

कॉलेजच्या क्रेडिटसाठी पत्र मिळेल का?

मिळेल. एका क्रेडिटला साधारण तीस तास धरले जातात, त्यामुळे चार क्रेडिटचे १२० तास इथे दोन-अडीच आठवड्यांतच भरतात. मग काही जण जायचं म्हणतात. आम्ही सहा आठवड्यांच्या बोलीवरच घेतो. पत्रात जे काम केलं तेच लिहितो. 'दिग्दर्शन सहाय्य' असं लिहून मागू नका.

अर्जात काय लिहू?

एक पान, मराठीत, स्वतःच्या भाषेत. हल्ली येणारे बरेच अर्ज एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात, सगळ्यांनाच 'लहानपणापासून रंगभूमीची ओढ'. त्यापेक्षा शेवटी बघितलेल्या नाटकातली एखादी वस्तू, एखादा दिवा, एखादा आवाज का लक्षात राहिला ते लिहा. राज्य नाट्य स्पर्धेत किंवा गावच्या पूजेच्या नाटकात पडदा ओढला असेल तर तेही लिहा, आमच्या लेखी तो अनुभवच आहे. फोटो नको.

निवड झालीच तर तिकिटाचं लगेच बघा. कोकण रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या गाड्या बघता बघता भरतात. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही कुडाळला थांबतात. नाहीच मिळालं तर एसटी आहे.

सोबत काय आणू?

काळे सुती कपडे तीन-चार जोड, पुढून बंद बूट (चप्पल घालून सेट लावू देत नाही), बॅटरी, पाण्याची बाटली, घामोळ्यांची पावडर, छोटी वही आणि छत्री.

छत्री कशाला? पाऊस तर जूनमध्ये येतो ना?

एरवी येतो. २०२५ मध्ये मात्र २५ मे रोजीच मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, आणि त्याच्या आधीचे काही दिवसही कोरडे गेले नव्हते. उघड्यावरचे उरलेले प्रयोग गेले. उमेदवार विचारायला लागले, आता आम्ही घरी जायचं का? नाही. मग जे काम दरवर्षी जूनमध्ये आम्ही चार माणसं करतो ते त्यांनी केलं. फ्लॅटची कापडं उतरवून गोडाऊनच्या पत्र्याखाली आडवी बांधली, पंखे लावून वाळवली. दिवे पुसून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. प्रत्येक बोल्ट काढून, तेल लावून, कोणत्या भिंतीचा कोणता ते लिहून पिशव्यांत भरला. नोव्हेंबरात पहिला सेट लावताना भिंत क्रमांक सातची पिशवी उघडली, तर आत बोल्टांबरोबर चिठ्ठी होती: "यातला एक आटे गेलेला आहे, नवीन घ्या." आम्ही घेतला.